जुन्या घरची विहीर

ओसरी बंद होणार हे मर्लिनला कळलं ते शाळेच्या स्टाफरूममध्ये, डबा उघडता उघडता. आता ओसरी म्हणजे कुणाच्या घराची ओसरी नव्हे. त्या नावाची एक साईट होती, मराठीत ब्लॉग लिहायची, अगदी फुकट. नाव टाका, पासवर्ड ठरवा आणि लागा लिहायला. घर बांधायला नको, शाकारायला नको, आयत्या ओसरीवर जाऊन बसायचं. तर त्या ओसरीवाल्यांचा मेल आला होता. जड अंतःकरणाने कळवतो की महिनाअखेरीस आम्ही कायमचे बंद होत आहोत, आपलं लेखन त्याआधी उतरवून घ्यावं. जड अंतःकरण म्हणे! या लोकांची अंतःकरणं तेवढी जड होतात, सामान मात्र ज्याचं त्याने उचलायचं.

मर्लिनने डबा तसाच बंद केला.

कुणी म्हणेल, एक ब्लॉग बंद पडला तर एवढं काय आभाळ कोसळलं? बाईंचे वाचक तरी किती? म्हापशाकडच्या दोनचार चुलतबहिणी, आखातात नोकरीला गेलेली एक शाळेतली मैत्रीण, आणि कुणीतरी एक माणूस जो प्रत्येक पाककृतीखाली नुसतं 'छान' लिहून जायचा. 'बर्नादेतची चूल' असं त्या ब्लॉगचं नाव. बर्नादेत म्हणजे मर्लिनची आई. तिच्या हातचे पदार्थ मर्लिनने एकेक करून तिथे उतरवले होते. ते गेले असते तर वाईट वाटलं असतं, पण पुन्हा लिहिता आले असते. जीव टांगणीला लागला होता तो त्यातल्या एकाच पानासाठी. दोदोलच्या.

त्या पानावर आईचा आवाज होता.

नाताळाच्या आधी एकदा बर्नादेत दोदोल घोटायला बसली होती. नारळाचं दूध, गूळ, तांदळाचं पीठ, मोठं भांडं, आणि ढवळायला नवरा. मर्लिनने गंमत म्हणून मोबाइलवर ते सगळं बोलणं टिपलं आणि पाककृतीखाली चढवून दिलं. पुढच्या नाताळाला बर्नादेत नव्हती. टिपलेला मोबाइलही राहिला नाही. विहिरीवर पाणी काढताना मर्लिनच्या कमरेच्या पिशवीतून सटकला तो थेट तळाला गेला. राहिला तो ओसरीवरचा आवाज. आणि त्या आवाजावर एक माणूस जगत होता.

त्याचं नाव कॉन्स्टान्सियो. वाडीत सगळे कोस्ता म्हणायचे. मर्लिनचा बाप. जन्मभर शिवणयंत्र चालवलं, अर्ध्या मालवणच्या लग्नाचे सूट शिवले, आणि आता शर्टाचं बटण कुठल्या काजात घालायचं ते त्याला आठवत नव्हतं. बायको गेल्यावर एकेक धागा उसवत गेला. दिवसभर तसा शांत असायचा. मर्लिन शाळेत गेली की शेजारच्या दाजींची बायको, सावित्रीकाकी, त्याच्यापाशी येऊन बसायची, तांदूळ निवडायची, तो बघत राहायचा. पण तिन्हीसांजेची देवळाची घंटा झाली की कोस्ता बदलायचा. देऊळ म्हणजे त्यांची इगर्ज, चर्च, तिथे सांजेला आंजेलूसच्या प्रार्थनेची घंटा होते. ती ऐकली की म्हातारा उठून उभा राहायचा आणि त्याच्या डोळ्यांत भीती उतरायची.

"बर्नादेत खंय? काळोख पडलो. आतापर्यंत येवक होयी हुती."

बर्नादेत तरुणपणी खाडीपलीकडे मासळी विकायला जायची आणि संध्याकाळच्या होडीने परतायची. कोस्ताच्या डोक्यातून बाकी सगळं गेलं, ती होडी काही गेली नाही. गेल्या उन्हाळ्यात तो असाच उठून गेला होता. वाडी पालथी घातली तेव्हा सापडला खाडीत, मोडक्या धक्क्याच्या पायरीखाली, कमरेइतक्या पाण्यात उभा. भरती चढत होती आणि तो पलीकडे बघून हाका मारत होता. दाजींनी आणि रापणीचं जाळं ओढणाऱ्या दोघांनी धरून आणला. त्या संध्याकाळी मर्लिनला जी धडकी भरली ती आजवर उतरलेली नाही.

त्याच रात्री हरलेल्या माणसासारखी तिने मोबाइलवर ते दोदोलचं पान उघडलं होतं. आणि आईचा आवाज घुमला, "कोस्ता, हंय ये. हंय ये म्हणतंय मां!" म्हातारा दचकला. मग आला, निमूट, खुर्चीत बसला, आणि हात भांड्यात फिरवावा तसा हवेत फिरवायला लागला. चेहऱ्यावरची भीती कुठल्या कुठे.

तेव्हापासून रोज घंटा झाली की मर्लिन ते पान उघडायची. औषधाची गोळी चुकली तर चुकली, हे चुकवायचं नाही.

तर अशी ती ओसरी बंद होणार होती.

शाळेत संगणक शिकवायला ओमकार नावाचा कणकवलीचा तरुण मास्तर होता. मर्लिनने त्याला मेल दाखवला. त्याने हातातलं काम बाजूला ठेवलं. भला मुलगा.

"मॅडम, दोन रस्ते आहेत," ओमकार म्हणाला. "एक म्हणजे अशाच दुसऱ्या तयार साईटवर जायचं. त्यांना जुना पत्ता दिला की तेच सगळं ओढून आणतात. लेख, फोटो, तुमचा तो ऑडिओ, सगळं. कुलूप त्यांचं, राखण त्यांची, दुरुस्ती त्यांची. तुम्ही फक्त लिहायचं."

"आणि दुसरा?"

"दुसरा म्हणजे स्वतःचं घर. स्वतःच्या नावाचा पत्ता घ्यायचा, सर्व्हरवर जागा घ्यायची, तिथे ब्लॉगचं सॉफ्टवेअर आपण बसवायचं. मालक तुम्ही. पण मग छप्पर गळलं तर बघणार पण तुम्हीच. अपडेट राहिलं, कुणी घुसलं, बॅकअप नाही घेतला, कुणाला विचारणार? तुम्ही नवशिक्या आहात. माझं ऐकाल तर तयार जागा घ्या."

"त्यांनी पण असंच बंद केलं तर?"

"एवढ्या मोठ्या साईट अशा बंद होत नाहीत हो."

"ओसरीवाले पण हेच म्हणायचे," मर्लिन म्हणाली.

खरं सांगायचं तर ओमकारचं म्हणणं सरळ होतं. पण घाबरलेल्या माणसाला सरळ बोलणं कधी पटलंय? तिला एवढंच दिसत होतं की एकदा दुसऱ्याच्या ओसरीवर बसलो आणि उठवले गेलो. पुन्हा दुसऱ्याच्याच ओसरीवर जाऊन बसायचं, आणि पुन्हा एक दिवस कुणाचं तरी अंतःकरण जड व्हायची वाट बघायची? नको रे बाबा. आईला असं दारोदार किती हिंडवायचं?

तिने मेल्रॉयला फोन लावला. मेल्रॉय तिचा चुलतभाऊ, म्हापशाला संगणकाच्या दुकानात काम करायचा. हा मेल्रॉय कोण ते नीट ध्यानात ठेवायला हवं, कारण पुढचा सगळा घोटाळा तिथूनच झाला. कोस्ता आणि त्याचा थोरला भाऊ, म्हणजे मेल्रॉयचा बाप, यांची फार वर्षांपूर्वी वाटणी झाली. पुढचं जुनं घर थोरल्याला गेलं, कोस्ताने मागच्या कुणग्यात, भाताच्या तुकड्यात, नवं बांधलं. थोरल्याची माणसं गोव्याला गेली, जुन्या घराला कुलूप लागलं. पण विहीर त्या जुन्या घराच्या अंगणात. आणि आपल्याकडे घर वाटतात, माड मोजून वाटतात, फणसाच्या झाडावरून भावाभावांची तोंडं फिरतात, पण विहिरीला कुणी हात लावत नाही. विहीर सामाईक. जुन्या घराला कुलूप असो की छप्पर पडो, रहाट फिरत राहतो. मर्लिन जन्मापासून त्याच विहिरीचं पाणी भरत होती. तुझी की माझी असा प्रश्न ना तिने कधी केला ना मेल्रॉयच्या बापाने.

"आपलां घर बांध," मेल्रॉय फोनवर म्हणाला. "मी बसवन दितंय सगळां. घाबरा नको."

घाबरू नको म्हणणं सोपं. तो तिकडून सांगत होता आणि ती इकडे शाळेच्या लॅपटॉपवर बटणं दाबत होती. 'तुम्हाला खात्री आहे का?' असं विचारणारी ती खिडकी उघडली की ती मेल्रॉयला पुन्हा पहिल्यापासून विचारायची. खात्री! खात्री असती तर ती इथे कशाला बसली असती? एकदा तर सगळं झाल्यावर पान उघडलं आणि पडद्यावर काहीच नाही, नुसता पांढरा फटक उजेड. ओसरी पण उघडेना, नवं पण उघडेना असं तिला वाटलं आणि ती लॅपटॉपपुढे हात जोडून "जेजू, जेजू" करत बसली. मेल्रॉयने तिकडून काहीतरी खुडबुड केली आणि पान दिसायला लागलं.

बर्नादेतची चूल नव्या घरात पेटली होती. सोलकढी, सान्नां, तिसऱ्यांचं सुकं, सगळी पानं जागच्या जागी. मर्लिनने दोदोल उघडलं, बटण दाबलं. "कोस्ता, हंय ये. हंय ये म्हणतंय मां!" तिला रडूच फुटलं.

"ऑडिओ अजून थंयसूनच येता हां," मेल्रॉय फोनवर म्हणाला. "लिखाण हंय इलां. फोटो आणि आवाज जुन्या जाग्यावरसून येतत. ता मागीर बघूया."

"म्हणजे आपली विहीर, तसां?" मर्लिनने डोळे पुसत विचारलं.

मेल्रॉय हसला. "तसांच म्हण."

आणि दोघंही हसली. इथेच चुकलं. मुंबईच्या फ्लॅटात वाढलेल्या कुणाला हे सांगितलं असतं तर तो ताडकन म्हणाला असता, अहो, टाकी त्यांची, ते बंद करतायत, मग नळ कसा चालेल? पण या दोघांनी आयुष्यात बंद पडलेल्या घराची चालू विहीर पाहिली होती. घराला टाळं लागलं म्हणून पाणी कोण अडवतं? असं कुणी करतं का कधी? मेल्रॉय तर त्या धंद्यातला, पण तोही त्याच अंगणात खेळलेला. 'मागीर बघूया' म्हणाला आणि दुकानातल्या दिवाळीच्या गर्दीत विसरला. मर्लिनने विषय मनातून काढून टाकला.

महिना संपला. त्या दिवशी तिला शाळेत काही सुचलं नाही. मधल्या सुट्टीत तिने चोरून ओसरी उघडून पाहिली. 'आपल्या प्रेमाबद्दल आभार' एवढंच पान, बाकी सगळं गेलं होतं. तिने नवं घर उघडलं, मोबाइल कानाला लावला, आणि आई आत बोलत होती. सुटले, ती मनात म्हणाली. दुसऱ्या संध्याकाळीही आई बोलली. तिसऱ्याही. ओसरीवाल्यांनी दार लावलं होतं, पण मागचं सामान अजून उचललं नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ. तिला वाटलं, बघा, विहीर चालू आहे. ओमकार मास्तर उगाच घाबरवत होता.

मग ती संध्याकाळ आली.

सावित्रीकाकी नुकतीच घरी गेली होती. कोस्ता खुर्चीत बसला होता, बटणं वरखाली लावलेल्या शर्टात. मर्लिनने चहाची कपबशी उचलली तोच घंटा झाली. म्हाताऱ्याने मान उचलली. नेहमीसारखी तिने मोबाइल काढला, दोदोल उघडलं, बटण दाबलं.

एक छोटं वर्तुळ फिरायला लागलं. फिरलं, फिरलं, आणि थांबलं. आवाज नाही.

"बर्नादेत खंय?" कोस्ता म्हणाला.

"इली, पापा. आता इली." तिने परत दाबलं. वर्तुळ. परत दाबलं. आता वर्तुळही येईना, नुसती एक करडी रेघ. रेंज नसेल, असं स्वतःला समजावत ती अंगणात धावली, विहिरीच्या कठड्यापाशी, तिथे नेहमी रेंज यायची. मोबाइल वर धरला, खाली धरला. पाककृती दिसत होती, एक अक्षर हललं नव्हतं, गूळ किती आणि दूध किती सगळं लिहिलेलं. फक्त आई गप्प.

तिने मेल्रॉयला फोन लावला. "आवाज येणा नाय रे! कायतरी कर! बेगीन!"

"थांब, बघतंय." पलीकडे बटणांचा आवाज. "मर्लिन..." मेल्रॉयचा स्वर उतरला होता. "ता थंयचाच होतां गो. त्यांनी आता सगळां पुसून टाकल्यांनी. तुज्याकडे फाइल आसा मां खंय तरी?"

तिच्याकडे कुठून असणार? तिची फाइल होती त्या कठड्याखाली, तळाच्या गाळात, बुडालेल्या मोबाइलात. ती विहिरीत वाकून बघत राहिली. खाली काळं पाणी होतं, आकाशाचा एक तुकडा होता. आई गेली, तिच्या मनात आलं. तेव्हा गेली ती गेलीच, आता ही परत गेली, आणि या वेळी मी घालवली.

"मर्लिन? ऐकतंस मां?"

ती वळली. दारातून आतली खुर्ची दिसत होती. खुर्ची रिकामी होती.

तिने मोबाइल मुठीत आवळला आणि धावली. चपला कुठे सुटल्या ते कळलं नाही. वाट माडांमधून उतरत होती, उजेड अजून थोडा होता. "पापा! पापा गो!" तोंडातून काय निघतंय याचंही भान नव्हतं. दाजींच्या पडवीत दिवा दिसला, तिने ओरडून हाक मारली, पण थांबायला वेळ नव्हता. देवा, भरती नसू दे. देवा, ओहोटी असू दे. पण गाबित मच्छीमारांच्या होड्या काठाला लागून डुलत होत्या, म्हणजे भरतीच होती.

कोस्ता धक्क्याच्या मोडक्या पायरीखाली पाण्यात उभा होता. मांड्यांपर्यंत पाणी. पाठ तिच्याकडे. पलीकडचा काठ धूसर झाला होता आणि तो त्या दिशेला हात वर करून हाका मारत होता.

"पापा, परत येया! पापा!"

त्याने वळून पाहिलं. ओळख नव्हती. "तू कोण गो?"

"मी मर्लिन, पापा. तुमचां मर्लिन."

"आमचां मर्लिन शाळेत गेलां," तो म्हणाला. "ल्हान आसा ता." आणि पुढे एक पाऊल टाकलं. पाणी कमरेला लागलं.

मर्लिन पाण्यात उतरली. खालचा चिखल घोटे धरत होता. ती एक पाऊल पुढे गेली की तो एक पाऊल आत सरकायचा, अनोळखी बाई अंगावर आल्यासारखा घाबरून. धरायला जावं तर खोलात जाईल. न धरावं तर भरती नेईल. ती थांबली. आयुष्यात एवढी भीती तिला कधी वाटली नव्हती, आईच्या पेटीवर माती लोटली तेव्हाही नाही. हातातल्या मोबाइलकडे तिने पाहिलं. करडी रेघ तशीच होती. तिने तो मागे पायरीवर फेकला.

आणि तिच्या तोंडून निघालं, आईचा तोच ठसका, तीच वैतागलेली ओढ.

"कोस्ता! हंय ये. हंय ये म्हणतंय मां!"

म्हातारा थबकला.

रोज ऐकून ऐकून ते सगळं तिला पाठ होतं, हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. "ढवळ रे," ती म्हणाली, "थांबां नको. करपात ता."

कोस्ता वळला. पाण्यातला त्याचा हात हळूहळू गोल फिरायला लागला. "हात दुखलो गो माजो," तो म्हणाला. दोदोलच्या त्या दिवशी तो हेच म्हणाला होता, अगदी याच सुरात.

"मगे दुसरो लाव. देवान दोन हात कित्याक दिल्यान?"

तो हसला आणि त्याने हात बदलला. एक पाऊल काठाकडे आला. मर्लिन मागे सरली, चिखलात पाय चाचपत. वाक्यामागून वाक्य, पावलामागून पाऊल. गूळ विरघळला काय. विरघाळलो. मग पीठ सोड, हळू, गुठळी होता नये. सोडतंय गो, बोंब मारां नको. पाणी त्याच्या गुडघ्यांशी आलं. मागून दाजी धापा टाकत धक्क्यावर पोचले होते, मर्लिनने मागच्या मागे हात करून त्यांना थोपवलं. त्यांच्या पावलांनी हा खेळ मोडला असता तर?

"मीठ घातलंस?" तिने विचारलं.

"घातलंय."

इथे आईचं काहीतरी होतं. काय होतं? मर्लिनचं डोकं एकदम रिकामं झालं. थंडीने दात वाजत होते, पुढचे शब्द येईनात. कोस्ता उभा राहिला. हात फिरायचा थांबला. त्याच्या डोळ्यांत भीती परत यायला लागली, तो मान वळवून पलीकडच्या काठाकडे बघू लागला. मर्लिन तोंड उघडून उभी, आणि आवाजच नाही, त्या करड्या रेघेसारखी.

आणि कोस्ताच बोलला. आवाज किंचित चढवून, बर्नादेतच्या ठसक्यात.

"खोटां बोलतंस. तोंडार दिसता तुज्या."

मग तो स्वतःच हसला, त्या दिवशी हसला होता तसा, खोकत खोकत. पायरीवर आला. ओल्या हाताने त्याने मर्लिनकडे बोट केलं, पुन्हा बायकोच्याच आवाजात, कारण टिपलेल्या आवाजातलं शेवटचं वाक्य तेच होतं.

"मर्लिन, बंद कर गो ता. उगाच हसता."

आईच्या वाक्यात का होईना, त्याच्या तोंडून तिचं नाव तिने किती दिवसांनी ऐकलं होतं. ती मटकन पायरीवर बसली आणि ओक्साबोक्शी रडली. दाजींनी कोस्ताच्या खांद्यावर आपला टॉवेल टाकला आणि त्याला धरून बसवलं. म्हाताऱ्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. ओळखून की नुसताच, कोण सांगणार.

रडता रडताच तिला ते कळलं आणि तिचं रडू जागच्या जागी थांबलं. ओसरी गेली होती, मोबाइल गाळात होता. आईचा आवाज आता जगात एकाच जागी उरला होता, समोरच्या या ओल्या, कुडकुडणाऱ्या, उसवत चाललेल्या डोक्यात. आणि त्या जागेला नोटीस कधीचीच आलेली होती.

तिने पायरीवरून मोबाइल उचलला. काच तडकली होती, पण चालत होता. ओढणीने पुसून तिने तो त्याच्या तोंडाजवळ धरला आणि लाल ठिपका दाबला. या वेळी फाइल आधी आपल्या हातात. मग मेल्रॉयकडे, मग ओमकारच्या त्या तयार साईटवर, सावित्रीकाकीच्या फोनमध्ये, जो जो घेईल त्याच्याकडे.

"घराक न्हे गो त्येका आदी," दाजी म्हणाले. "काकडता तो."

"एकच घटकाभर, दाजी." ती बापाकडे वळली. "कोस्ता, हंय ये. हंय ये म्हणतंय मां."

कोस्ताने मान वर केली. हात गोल फिरायला लागला, आणि तो दोघांचं बोलायला लागला, आपलं आणि बर्नादेतचं. मध्ये एकदा अडखळला, गूळ पिठानंतर आला, एक वाक्य गळलंच. कालपर्यंत टिपलेल्या आवाजात ते होतं. मर्लिन ऐकत होती, आता हे जाईल, आता ते जाईल असं तिला प्रत्येक शब्दाआधी वाटत होतं. पण तो पोचला शेवटापर्यंत.

"मर्लिन, बंद कर गो ता."

मर्लिनने बंद केलं नाही.